आमचें अंगण आणि अंबाझरीचें पाणी

यंदाच्या अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशीं आमच्या अंगणांत चार मजूर पहारी व घण घेऊन आले आणि त्यांनीं दिवेलागणीपर्यंत अंगणांतलें सर्व काँक्रीट उखडून काढलें. शेजारच्या मंडळींना याचें नवल वाटलें तें साहजिकच होतें. लोक मातीचें अंगण फरसबंद करतात. आम्ही फरसबंद अंगण पुन्हां मातीचें करीत होतों. "मास्तर, हें काय आरंभिलें आहे?" असें जो तो विचारी. प्रत्येकास उभ्या उभ्या काय सांगावें? "सांगेन कधीं तरी सवडीनें," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. ती सवड आज काढली आहे.

एक गोष्ट प्रारंभींच कबूल करतों. हें काँक्रीट घालण्याचा हट्ट माझाच होता.

आमचें घर नागपुरांत धरमपेठेच्या दक्षिण अंगास, नागनदीपासून फार दूर नाहीं. तिला आम्ही लहानपणापासून 'नाला'च म्हणत आलों. ज्या नदीवरून गांवाला नांव मिळालें तिला नाला म्हणणें यांत कांहीं कृतघ्नपणा आहे, हें मनांतहि आलें नाहीं. घरांत आम्ही दोघे भाऊ, दोघांचे संसार, दादांची मुलें, आणि आम्हां सर्वांत वडील आक्का. आक्कांना ऐन तारुण्यांत वैधव्य आलें. तेव्हांपासून हें घर त्यांच्याच हातावर चाललें आहे. अंगण दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद. मध्यें तुळशीवृंदावन, एका कोंपऱ्यांत पारिजातक, दुसऱ्या कोंपऱ्यांत विहीर. आक्का पहांटे उठून सडा घालीत व रांगोळी काढीत. पावसाळ्यांत मात्र त्या काळ्या मातीचा असा कांहीं चिखल होई, कीं ओटीपासून देवघरापर्यंत पावलें उमटत.

मी शाळेंतून निवृत्त झालों त्या वर्षीं हातांत चार पैसे आले, आणि चिखलाचा हा त्रास कायमचा मिटवावा असें मनानें घेतलें. पिण्याचें पाणी पेंचच्या धरणावरून नळानें येतें, मग विहिरीचें काय प्रयोजन? तिच्या तोंडावर स्लॅब टाकली, अंगणभर काँक्रीट ओतलें आणि उतार थेट रस्त्याच्या गटाराकडे दिला. पारिजातकाभोंवतीं वीतभर माती तेवढी राहिली. आक्का ओटीवर बसून पाहत होत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, "अरे, मग पावसाचें पाणी जाईल कोठें?"

"गटारांत, आक्का."

"सगळ्यांनींच गटारांत सोडलें तर गटार कोठें सोडील?"

"त्याची काळजी वाहण्यास शहरांत पुष्कळ माणसें आहेत," मी म्हणालों. उत्तर मास्तरी थाटाचें होतें. विद्यार्थ्यानें अडचणीचा प्रश्न विचारला म्हणजे मी वर्गांत अशींच उत्तरें देत असें.

दादांची धाकटी मुलगी पर्यावरण अभियांत्रिकीचें शिक्षण घेऊन त्याच विषयांत काम करते. २०२३ च्या उन्हाळ्यांत ती एका संध्याकाळीं आपला संगणक घेऊन माझ्या खोलींत आली. पडद्यावर नागनदीच्या खोऱ्याचा नकाशा होता. परंतु तो हजारों बारीक चौकोनांत विभागलेला होता. प्रत्येक चौकोनाची उंची किती, माती कोणती, उतार कोणीकडे, त्यांत मोकळी जमीन किती नि बांधलेली किती, हें सर्व त्याच्या पोटांत भरलेलें. तिनें एक कळ दाबली, आणि त्या कागदी शहरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला. हळूहळू नदीकांठ निळा झाला, मग कांहीं गल्ल्या निळ्या झाल्या, आणि अखेर आमच्या घराच्या पायरीपाशीं ती निळाई येऊन थांबली.

"मुली," मी हंसून म्हणालों, "आकाश तुझ्या संगणकांत मावावयाचें नाहीं. या घराच्या पायरीला आजपर्यंत कधीं पाणी लागलें नाहीं."

"काका, हें भविष्य नव्हे. हें नुसतें जर-तर आहे. जर इतका पाऊस इतक्या वेळांत पडला, तर पाणी कोठें जाईल, एवढेंच हें सांगतें."

संकेतार्थी वाक्यें मीं तीस वर्षें शिकविलीं होतीं. मी म्हणालों, "जर-तरचीं वाक्यें व्याकरणाच्या वहींत शोभतात. त्यांवर संसार चालत नाहीं."

तिनें त्या दिवशीं तीन गोष्टी मागितल्या. पावसाळ्यापुरती आक्कांची खाट माडीवर न्यावी. खालच्या खोलींतली आजोबांची पेटी वर न्यावी. आणि त्या पेटींतल्या पावसाच्या वह्या तिला चार दिवस द्याव्या. वडील मास्तरच होते. त्यांनीं अंगणांत पत्र्याचें पर्जन्यमापक ठेवून १९६१ पासून सत्तावीस वर्षें रोज सकाळीं पाऊस मोजला होता, आणि तो मृग, आर्द्रा, पुनर्वसु अशा नक्षत्रवारीनें आठ वह्यांत टिपून ठेवला होता. ती म्हणाली, "माझ्या या प्रतिमानाला त्यांच्यासारखा साक्षीदार नाहीं. त्या आंकड्यांवर तें घांसून पाहतां येईल." वडिलांच्या अक्षरावर कोणी संगणकवाल्यांनीं हात फिरवावा हें मला रुचलें नाहीं. "बघूं दिवाळीनंतर," मी म्हणालों. आक्कांच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. तिन्ही गोष्टी राहून गेल्या.

वैदर्भीय वाचकांना महालक्ष्म्यांविषयीं सांगावयास नको. इतरांसाठीं सांगतों, कीं ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांचा सण गणपतीहूनहि थोर मानतात. त्या वर्षीं २२ सप्टेंबरला पूजन होतें. पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, पंगतीवर पंगती. रात्रीं सारें घर थकून झोंपलें. देवीपुढचा दिवा शांत होऊं नये म्हणून आक्का खालच्या दिवाणखान्यांत मखरापाशींच सतरंजी टाकून निजल्या होत्या. सूर्य उत्तरा नक्षत्रीं होता. मध्यरात्रीनंतर ढगांचा गडगडाट सुरू झाला. कूस वळवून मी पुन्हां झोंपलों.

पहांटे मला जाग आली ती आक्कांच्या हांकेनें. त्या मोठ्यानें हांक मारणाऱ्या नव्हेत. जिन्यावर आलों तों खालच्या चार पायऱ्या दिसत नव्हत्या. वीज गेलेली. विजेरीच्या उजेडांत पाहिलें: दिवाणखान्यांत कमरेहून वर गढूळ पाणी, त्यांत तरंगणारे पाट, पत्रावळी, केळीचे खांब, आणि आक्का देवीच्या मखराच्या चौरंगावर, दोन्ही मुखवटे छातीशीं धरून उभ्या. दादांचा मुलगा व मी पाण्यांत उतरलों. आमच्या दोघांच्या हातांच्या पाळण्यांत त्यांना बसवून वर आणलें. त्यांचें अंग बर्फासारखें गार पडलें होतें. पाणी आणखी हातभर चढलें असतें तर हा लेख लिहिण्याचें धैर्य मला झालें नसतें.

त्या रात्रीं नागपुरांत अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. अंबाझरी तलाव भरून ओसंडला, नागनदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. सुमारें दहा हजार घरांचें नुकसान झाल्याचें सरकारांतून सांगण्यांत आलें. सैन्याच्या तुकड्यांना पाचारण करावें लागलें. चार जणांचे प्राण गेल्याचें वृत्त आलें. त्या मानानें आमचें काय गेलें? धान्य गेलें, गाद्या गेल्या, भिंतींना ओल आली. आणि वडिलांच्या आठ वह्या गेल्या. पेटी उघडली तेव्हां आंत निळसर लगदा होता. सत्तावीस वर्षांचा पाऊस एका पावसानें पुसून नेला. पुतणीनें तो लगदा पाहिला. ती मला एक शब्दहि बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

घर वाळवून झाल्यावर, दिवाळीनंतर, मी वही-पेन्सिल घेऊन तिच्याकडे गेलों आणि म्हणालों, "मला पहिल्यापासून शिकव." पुढचे सहा महिने साठी उलटलेला हा विद्यार्थी रोज संध्याकाळीं तासभर तिच्यापुढें बसला. जें समजलें तें येथें देतों.

आरंभ तिनें आक्कांच्या रांजणापासून केला. रांजणांत शंभर लिटर पाणी मावतें. रोज वीस लिटर ओततां, वीस काढतां. पातळी ढळत नाहीं, म्हणून पाणी तेंच आहे असें नव्हे. कोणताहि थेंब सरासरीनें पांचच दिवस रांजणांत मुक्काम करतो. आंत येणारें किती, बाहेर जाणारें किती आणि सांठलेलें किती, या तिहींचा हिशेब म्हणजेच कोणत्याहि व्यवस्थेचा पहिला पाठ. हवेंतला कर्बवायु असो, तलावांतला गाळ असो, कीं जंगलांतलीं हरणें असोत, हिशेबाची तऱ्हा हीच.

पाणी कमी झालें कीं घरांतलीं माणसें काटकसर करतात आणि पातळी सांवरते. येथें व्यवस्था आपणच आपल्याला आवरते. याच्या उलट उदाहरण तलावांतल्या जलपर्णीचें. सांडपाण्यानें तिला खत मिळतें, ती फोफावते, पाण्यावर झांकण घालते. कुजली कीं तिचें खत पुन्हां पाण्यांतच पडतें आणि तिची पुढली पिढी अधिकच माजते. येथें व्यवस्था आपणच आपल्याला ढकलते. तिसरी गोष्ट कांठाची. रांजण कांठोकांठ भरेपर्यंत एक थेंब बाहेर सांडत नाहीं. भरल्यानंतर मात्र तुम्ही ओताल तें सारेंच्या सारें बाहेर येतें. "अंबाझरी त्या रात्रीं कांठाशीं आली होती, काका. त्यापुढें तलाव असून नसल्यासारखाच."

वनस्पति, प्राणी, माती, पाणी, हवा या सर्वांचा मिळून एकच संसार आहे असें मानून त्याला इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ टान्स्ले यानें १९३५ सालीं एक नांव दिलें. आपण आज त्यास परिसंस्था म्हणतों. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला ही कल्पना परकी वाटूं नये. स्वयंपाकघरांत एकीनें चूल अर्धा तास उशिरा पेटविली तर कोणाची शाळा चुकते आणि कोणाची कचेरी, हें आपल्याला पाठ असतें.

मग तिनें मला एक कोष्टक दाखविलें आणि मी चकितच झालों. कारण तें आमच्याच गांवचें होतें. अलेक्झांडर बिनी नांवाचे इंग्रज अभियंते इकडे असतांना नागपूरच्या पाणीपुरवठ्याचें काम त्यांच्याकडे होतें. पुढें लंडनला थेम्स नदीखालचा ब्लॅकवॉलचा बोगदा १८९७ सालीं पुरा झाला तो यांच्याच हाताखालीं. त्यांच्यापुढें प्रश्न साधा होता: तलावाच्या पाणलोटावर एवढा पाऊस पडला, तर तलावांत पाणी किती येईल? त्यांनीं १८६९ व १८७२ या दोन वर्षीं नागपूरजवळच्या सुमारें सोळा चौरस किलोमीटर पाणलोटांतला पाऊस व वाहून आलेलें पाणी यांचें मोजमाप केलें. दोन्ही वर्षांच्या रेषा जवळजवळ सारख्या आल्या. त्यांवरून त्यांनीं प्रमाणें बसविलीं: वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर असल्यास त्याचा शेंकडा १५ भाग वाहून येतो, ७०० असल्यास २५, ९०० असल्यास ३४, १,१०० असल्यास ४०. विदर्भ व मध्य प्रदेश या भागांत तलावांचा अंदाज करतांना अभियंते हीं प्रमाणें वापरीत आले आहेत.

कोष्टक पाहिलें कीं मास्तराच्या हातांत खडू आल्यावांचून राहत नाहीं. मीं गुणाकार केला. ५०० चे शेंकडा १५ म्हणजे ७५ मिलिमीटर. १,१०० चे शेंकडा ४० म्हणजे ४४०. म्हणजे पहिल्या ५०० मिलिमीटर पावसांतून नदीला मिळाले अवघे ७५. आणि पुढच्या ६०० मधून मिळाले ३६५, म्हणजे शेंकडा ६१! पाऊस तोच, जमीन तीच, मग हा फरक कां? कारण वैशाखांत आपल्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृग-आर्द्राचें पाणी ती घटाघटा पिते. मघा-पूर्वापर्यंत तिची तहान भागते, माती फुगून भेगा मिटतात, आणि उत्तरा-हस्ताचें पाणी पृष्ठावरूनच धांवूं लागतें. जूनमधला एक इंच आणि सप्टेंबरमधला एक इंच यांचें नांव एक, परंतु करणी भिन्न. वडिलांनीं नक्षत्रवारीनें पाऊस लिहिला यांत केवळ जुनेपणा नव्हता, हें मला त्या दिवशीं कळलें.

उत्साहाच्या भरांत मीं दुसराहि हिशेब मांडला. सोळा चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे सोळा लाख घनमीटर, म्हणजेच एकशें साठ कोटी लिटर पाणी. त्याचे शेंकडा ४० म्हणजे चौसष्ट कोटी लिटर. पुतणी हंसली. "काका, वर्षाचें प्रमाण एका रात्रीला लावतां? बिनीसाहेबांचें कोष्टक तासांविषयीं कांहीं बोलतच नाहीं. हाच पाऊस चार दिवसांत पडता तर नदीनें तो मुकाट्यानें नेला असता. शिवाय त्यांनीं मोजली ती शेतांची नि माळांची जमीन. आज तेथें किती छपरें, किती रस्ते, किती..." येथें ती थांबली. तिनें अंगणाकडे पाहिलें नाहीं; मींच पाहिलें.

प्रतिमानाचें गुणदोष मला यावरून उमगले. आणि उमगल्यावर असें वाटलें, कीं हें आपल्याला नवें कोठें आहे? सूर्यसिद्धान्तांत पृथ्वी मध्यभागीं मानली आहे आणि सूर्य तिच्याभोंवतीं फिरतो. चित्र खरें नव्हे. तरी त्यावरून ग्रहणें वर्तवितां येत. प्रतिमान हें जगाचा आरसा नसून जगाविषयीं एखादा प्रश्न सोडविण्याचें साधन आहे. ज्या प्रश्नासाठीं तें घडविलें त्याचें उत्तर तें देईल. भलताच प्रश्न विचारल्यास भलतेंच उत्तर देईल, आणि दोष विचारणाराचा. शिवाय शतकें लोटलीं कीं जुन्या गणितांत चूक सांठत जाते. ग्रह सांगितल्या जागीं दिसत नाहीं. तेव्हां आपले ज्योतिषी बीजसंस्कार करीत, म्हणजे आकाशाकडे पाहून गणित दुरुस्त करीत. गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ मध्यें ग्रहलाघव रचला तो गणित व आकाश यांचा मेळ बसविण्यासाठींच. बिनीसाहेबांच्या कोष्टकालाहि आज बीजसंस्कार हवा, कारण खालची जमीनच बदलली आहे. आणि संस्कार करण्यास हव्यात नोंदी. तसल्या आठ वह्या आमच्या घरीं होत्या.

मोजण्याची परंपरा तरी काय थोडी जुनी आहे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारापाशीं पाऊस मोजण्याचें पात्र ठेवण्यास सांगितलें आहे, आणि अश्मकांत किती द्रोण, अवंतींत किती द्रोण पाऊस पडतो याचे आंकडे दिले आहेत. अश्मक म्हणजे गोदावरीकांठचा आपलाच मुलूख. इंग्रजी अमदानींत हवामानखातें १८७५ सालीं निघालें. १९०४ सालीं त्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर मूळचे केंब्रिजचे गणिती. दूरदूरच्या ठिकाणचे हवेच्या दाबाचे आंकडे आपल्या पावसाशीं ताडून पाहतां पाहतां त्यांना पॅसिफिक महासागराच्या दोन टोकांवरील दाबाचा हेलकावा सांपडला. पेरूच्या किनाऱ्यावरचा समुद्र तापला तर वऱ्हाडांतल्या कपाशीवर त्याची सांवली पडूं शकते, ही जाणीव त्या खटाटोपांतून पुढें आली. सर्व पृथ्वीच्या हवेचें प्रतिमान संगणकावर रचणारे स्युकुरो मानाबे यांना २०२१ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. आणि दूर कशाला जा? आमच्याच नागपुरांत १९५८ सालीं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. १९७४ सालीं तिचें नांव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असें झालें. तीच आजची 'नीरी'. नांवांतला हा पालट मला अर्थपूर्ण वाटतो. नळ नि गटार यांपासून आरंभ केला कीं अखेर सबंध पर्यावरणापाशीं येऊन पोंचावेंच लागतें. आक्कांच्या प्रश्नाची वाट तीच होती.

गटार कोठें सोडील? मीं नकाशावर बोट ठेवून उत्तर शोधलें. आमच्या अंगणाचें पाणी गटारांत, गटाराचें नागनदींत, नागनदीचें कन्हानेंत, कन्हानेचें वैनगंगेंत, वैनगंगा प्राणहितेच्या रूपानें गोदावरीला मिळते. ज्या गोदामाईंत पर्वकाळीं स्नान करण्यासाठीं आपण गाडीचीं तिकिटें काढतों, तिच्याकडेच आपण आपल्या मोरीचें पाणी रोज पाठवीत असतों. पत्ता मात्र आपण कधीं वाचलेला नसतो.

आतां न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे, कीं पुतणीचा नकाशा तंतोतंत खरा ठरला नाहीं. त्यानें आमच्या पायरीपर्यंत पाणी दाखविलें, आलें तें कमरेच्या वर. पलीकडच्या आळींतलें एक घर त्यानें निळें रंगविलें होतें, तें कोरडें राहिलें. आणि कोणत्या घरांत दिव्यापाशीं कोण म्हातारी निजली आहे हें तर त्याला ठाऊकच नव्हतें. तें ठाऊक होतें मला. नकाशाला जें माहीत होतें तें त्यानें वेळेवर सांगितलें होतें. मला जें माहीत होतें त्याचा मीं उपयोग केला नाहीं. दोहोंचा मेळ घालणें हें माणसाचें काम होतें, आणि तें माझ्याकडून झालें नाहीं.

अंगण उखडण्याचा विषय मीं काढला तेव्हां घरांत दोन पक्ष झाले. दादांच्या मुलाच्या मोटारी अंगणांत उभ्या राहतात. दादा म्हणाले, "सगळ्या शहरांत काँक्रीट असतां तुझ्या साठ चौरस मीटरांनीं काय होणार?" प्रश्न खोटा नव्हता. शंभर मिलिमीटर पावसांत आमच्या अंगणावर सहा हजार लिटर पाणी पडतें. सोळा लाख घनमीटरांपुढें सहा घनमीटर म्हणजे अडीच लाखांत एक वांटाहि नव्हे. आणि भर उत्तरांत ओलावलेली माती तेवढेंहि पिणार नाहीं. मी निरुत्तर झालों. पुतणी म्हणाली, "बाबा, माझ्या नकाशांत हजारों चौकोन आहेत. कोणताहि एक चौकोन पूर आणीत नाहीं. पण पूर येतो तो त्याच चौकोनांतून; त्यांखेरीज पुराला दुसरें घर नाहीं."

दादा त्या दिवशीं उठून गेले. आठ-दहा दिवस विषय निघाला नाहीं. मग एकदां जेवतांना आक्का सहज म्हणाल्या, "विहिरीवरची फरशी काढली तर मला पुन्हां पाणी बघायला मिळेल." दादा थोडा वेळ पानाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मोटारीच्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या दगडाच्या ठेवा. बाकीचें काढा." आमच्या घरांत मोठे निर्णय वादानें होत नाहींत, ते असे पानावर होतात.

त्याप्रमाणें काँक्रीट निघालें. छपराचें पाणी आतां वाळू-खडीच्या खड्ड्यांतून गाळून विहिरींत सोडलें आहे. मृगाचा पाऊस झाला तेव्हां कित्येक वर्षांनीं ओल्या मातीचा वास ओटीवर आला, आणि ओटीवर चिखलाचीं पावलेंहि उमटलीं. माझ्या सौभाग्यवतीनें तीं पुसतांना माझ्याकडे एकदां पाहिलें. त्या पाहण्याचा अर्थ विवाहित वाचकांना सांगणें नलगे. यामुळें अंबाझरीचा पूर अडणार नाहीं, हें मी पुरतें जाणतों. त्यासाठीं नदीचें पात्र, तलावाचा बांध, शहराची बांधणी असे मोठे उपाय आहेत आणि ते ज्यांनीं करावयाचे त्यांनीं केलेच पाहिजेत. पुरापुरता आम्हीं निराळा धडा घेतला आहे: आक्कांची खाट आतां माडीवर आहे, पावसाळ्यांत महालक्ष्म्याहि माडीवरच बसतात, आणि पुतणी नकाशा घेऊन आली म्हणजे मी आधीं चष्मा लावतों आणि मग बोलतों.

वडिलांच्या वह्या परत येणार नाहींत. परंतु सरळ भिंतींचा एक डबा, एक मोजपट्टी आणि एक वही यांना खर्च तो कितीसा? अंगणाच्या मोकळ्या भागांत, झाडाच्या व छपराच्या आडोशापासून दूर, तो डबा मीं पुन्हां ठेवला आहे. रोज सकाळीं साडेआठला दादांचा नातू पट्टी धरतो, आक्का ओटीवरून "किती झाला रे?" म्हणून विचारतात, आणि मी लिहितों. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अंगण अथवा गच्ची आहे त्यांनीं हें अवश्य करावें. एका घराच्या नोंदीला फारशी किंमत नसेल; पण शंभर घरांनीं वीस वर्षें केलेली नोंद पुढच्या एखाद्या बिनीला किंवा एखाद्या पुतणीला फार उपयोगीं पडेल.

वहीच्या पहिल्या पानावर वडील श्रीकार घालीत. मींहि घातला आहे. त्याखालीं नक्षत्राचें नांव आणि तारीख लिहिली आहे, आणि या खेपेस वही माडीवरच्या कपाटांत, वरच्या फळीवर ठेवली आहे.